थुरिंगियाच्या वारसा-भांडणाची वंशावळ कशी मांडावी

थुरिंगिया हा मध्ययुगीन जर्मनीतला प्रदेश; त्याच्या सरदार-शासकाला लँडग्रेव्ह म्हणत. कागद आडवा घ्या. वर लँडग्रेव्ह हेरमान पहिला; खाली त्याचे मुलगे लुडविग चौथा आणि हाइनरिश रास्पे, शेजारी त्यांची सावत्र बहीण युटा. रास्पे १२४७ मध्ये निपुत्रिक वारला, त्याची रेघ तिथेच तोडा; त्याच्या वारशाचं भांडण इथूनच सुरू होतं. लुडविगखाली मुलगी सोफी, ब्राबांटची डचेस. युटाखाली तिचा मुलगा, माइसेन प्रांताचा हाइनरिश. घोळ होतो तो इथेच, कारण सोफीचा मुलगाही हाइनरिशच! रास्पे धरून तिन्ही हाइनरिशांना तीन रंग द्या.

नातं जवळचं म्हणजे हक्क पक्का, असं धरू नका. सोफी रास्पेच्या सख्ख्या भावाची लेक खरी. पण माइसेनवाल्याने १२४३ मध्येच सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याकडून थुरिंगियाच्या जहागिरीचं वचन मिळवून ठेवलं होतं. बाजूला नकाशा जोडा: १२६४ मध्ये थुरिंगिया माइसेनवाल्याकडे, त्याच वारशातला हेसन प्रदेश सोफीच्या मुलाकडे.