जादा डिझेल टाकी बसवताय? या चुका टाळा

दिवाळी उरकली की बडोद्यातले ऑफ-रोडिंगवाले कच्छच्या तयारीला लागतात, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मागे चाळीस-पंचेचाळीस लिटरची टाकी टाकून घेऊ का?" कच्छसाठी म्हणाल तर माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. महिंद्रा थार गाडीची मूळ टाकी ५७ लिटरची, टोयोटा फॉर्च्युनरची ८० लिटरची. भुजला, रापरला पंप आहेत. रणात लो-रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) गाडी कितीही प्यायली तरी वीस लिटरचा एक लोखंडी कॅन पुरतो. जादा टाकीला अर्थ येतो तो लडाखसारख्या टापूत. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी उगाच प्रसिद्ध झालेली नाही.

आणि हे सगळं डिझेल गाड्यांपुरतं. पेट्रोलवर चालणाऱ्या मारुती जिम्नीची टाकी ४० लिटरचीच, त्यामुळे पेट्रोलवाल्यांना मोह जास्त होतो, पण गॅरेजमध्ये बनवून घेतलेल्या पेट्रोल टाकीच्या वाटेला जाऊ नये असं मला स्पष्ट वाटतं. पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. त्यांनी कॅनच घ्यावा. पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, धातूचा एक कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नको.

वेल्डिंग सुंदर, टाकी फुटकी

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टाकी बनवणाऱ्यांची कमी नाही. केमिकल कारखान्यांची भांडी करून त्यांचा हात इतका बसलाय की अर्गॉन वेल्डिंगची रेघ बघत राहावी. पण कारखान्यातलं भांडं पायावर उभं असतं. गाडीची टाकी दिवसभर हादरे खाते आणि आतलं डिझेल भिंतींवर धडका देत राहतं. त्यामुळे अशा टाक्या बहुधा जोडाच्या रेघेत फुटत नाहीत, तिच्या शेजारी जिथे पत्रा तापून कमजोर झालेला असतो तिथे तडकतात, आणि पहिली चीर ब्रॅकेटपाशी पडते. ब्रॅकेट थेट पातळ पत्र्यावर जोडू देऊ नका. आधी पत्र्यावर मोठी प्लेट, तिच्यावर ब्रॅकेट. आत भोकांचे आडवे पडदे हवेतच, नाहीतर अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ढकलते.

पत्रा एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) दीड-दोन मिलिमीटर, किंवा ५०५२ ॲल्युमिनियम तीन मिलिमीटर. जीआयचा (जस्ताचा थर दिलेला) पत्रा स्वस्त पडतो म्हणून कुणी "चालशे" (चालेल) म्हणालं तर उठून यावं. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो. तांब्याची नळीही नको, तांब्याच्या संगतीत डिझेल लवकर खराब होतं. सांध्यांना टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावायची खोड सगळ्यांनाच असते. टेपचे तुकडे फिल्टरमध्ये जातात, सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटतं. डिझेलला चालणारा थ्रेड सीलंट मागा, आणि होजवर इंधनासाठी असल्याचा छापा आहे का ते बघा. पारदर्शक पीव्हीसी नळी आतलं दिसतं म्हणून छान वाटते, काही महिन्यांत काडीसारखी कडक होते.

लीक टेस्टला कॉम्प्रेसरची हवा सरळ सोडणारे महाभाग पाहिलेत. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या सपाट बाजूवर फक्त ३ पीएसआय दाब दिला तरी पत्र्यावर जवळपास ५०० किलोचा जोर येतो. तेवढा दाब आणि साबणाचं पाणी पुरे. आणि एकदा इंधन भरलेली टाकी गळली तर ती पुन्हा वेल्डिंगला देऊ नका. धुतली तरी सांदीत राहिलेल्या वाफेने स्फोट होतो.

हवेची वाट

सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या इथे. टाकीतून मिनिटाला दोन लिटर डिझेल बाहेर पडणार तर दोन लिटर हवा आत यायला हवी. ती वाट अरुंद असली, किंवा रणातल्या खारट धुळीने बुजली, की जादा टाकीतलं डिझेल ओढणारा छोटा पंप दहा मिनिटं चालतो, मग त्याचा आवाज बदलतो, प्रवाह आटतो. झाकण उघडलं की फुस्स होतं आणि सगळं पुन्हा सुरळीत. लोक पंप बदलतात. दोष हवेच्या नळीत असतो.

व्हेंट, म्हणजे ही हवेची नळी, टाकीच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यातून घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण चढावर किंवा तिरक्या उतारावर तोच कोपरा डिझेलखाली जातो. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून नळ्या घेऊन वर एकत्र कराव्यात, टोक खिडकीच्या काचेइतकं उंच न्यावं, म्हणजे नदीपात्र ओलांडताना पाणी आत ओढलं जाणार नाही. मध्ये रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर नळी बंद करणारा), टोकाला छोटा फिल्टर. भरताना हवा निघण्यासाठी मात्र वेगळी, जाड नळी लागते. ती नसेल तर पंपावर नोझल सारखं टक करून बंद पडतं आणि मागची रांग हॉर्न वाजवते.

काठोकाठ भरणंही टाळा. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार डिझेल बडोद्याच्या मे महिन्यात २५ अंशांनी तापलं तर ४५ लिटरचं जवळपास एक लिटरने फुगतं.

परतीचं डिझेल कुठे जातं?

कॉमन रेल इंजिन (आजची बहुतेक डिझेल इंजिनं याच प्रकारची) घेतलेलं सगळं डिझेल जाळत नाही, बरंचसं टाकीत परत पाठवतं. नवशिका मेकॅनिक येणारी लाइन व्हॉल्व्हने दुसऱ्या टाकीवर फिरवतो आणि परतीची तशीच ठेवतो. मग इंजिन जादा टाकीतलं पितं आणि उरलेलं मूळ टाकीत ओततं. मूळ टाकी भरलेली असेल तर ते रस्त्यावर. व्हॉल्व्ह बसवायचाच तर दोन्ही लाइन एकाच वेळी फिरवणारा सहा तोंडांचा घ्या.

मी म्हणेन इंजिनच्या लाइनला हातच लावू नका. छोट्या बारा व्होल्टच्या पंपाने जादा टाकीतलं डिझेल मूळ टाकीच्या भरायच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून उतरवा, तेही मूळ टाकी अर्ध्याखाली आल्यावर. इंजिनने एअर घेण्याची (डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरण्याची) भीती त्यात राहत नाही, आणि ती लहान गोष्ट नाही, कारण हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. मात्र जादा टाकी उंचावर असेल तर पंप बंद केल्यावरही डिझेल आपसूक वाहत राहतं. लाइनमध्ये वीज गेल्यावर बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाका. पंपाला टायमर लावा, गप्पांच्या नादात बंद करायचं राहून जातं.

वायरिंगचं थोडक्यात: फ्यूज बॅटरीजवळ, रिले इग्निशनवर, आणि रबरावर बसवलेल्या टाकीपासून व भरायच्या तोंडापासून चॅसिसला अर्थिंगची तार.

जागा आणि कागद

४५ लिटर डिझेल म्हणजे ३७-३८ किलो, टाकी आणि ब्रॅकेट धरून पन्नासच्या वर. ते मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सायलेन्सरपासून लांब ठेवा, खाली दगडांसाठी गार्ड द्या. टाकी चॅसिसला धरा, बॉडीच्या पत्र्याला नाही. चॅसिस खड्ड्यात पिळवटतो, त्यामुळे चार कडक बोल्टांनी आवळलेली टाकीही पिळली जाते. रबर बुश किंवा रबर लावलेले पट्टे वापरा. गाडीच्या आत बसवणार असाल तर एकही सांधा आत उघडा नको.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पत्रा कापायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आग लागल्यावर सर्व्हेअर पहिला फोटो याच टाकीचा काढेल.

टाकी बसली की थेट लांबच्या प्रवासाला निघू नका. पावागड-जांबुघोडा बाजूला कच्च्या रस्त्यावर एक फेरी मारा, अर्धं डिझेल मूळ टाकीत उतरवून बघा. परत आल्यावर फिल्टर उघडा, त्यात वेल्डिंगचे कण निघाले तर टाकी पुन्हा धुवा. ड्रेन प्लगमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा, तळाशी पाणी साचलं तर कळेल. ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या हादऱ्यांनी ते सैल होतातच.