ऑरेंज वाईन: फ्रीजमधून काढली की लगेच ओतू नका

आधी एक क्लिअर करूया, यात संत्रं-बिंत्रं काही नसतं. व्हाईट वाईनचीच द्राक्षं, फक्त सालं बाजूला न काढता रस सालांसकट आंबवतात, म्हणजे रेड वाईनची पद्धत पांढऱ्या द्राक्षांना लावली की झालं. सालांतून रंग उतरतो आणि टॅनिनपण उतरतं, तोच तो जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाचा तुरटपणा. पहिल्या घोटाला बरेच जण तोंड वाकडं करतात ते यामुळेच.

म्हणून बर्फासारखी गार प्यायची नाही. गार असली की तुरटपणा अजून टोचतो आणि वास तर दबूनच जातो. 12 ते 14 डिग्री बेस्ट. साधारण वीसेक मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, उन्हाळ्यात त्याहून कमी. ग्लास जरा मोठ्या पोटाचा घ्या, तो उंच निमुळता शॅम्पेनचा नको. बाटली आधीपासून उभी ठेवा कारण बऱ्याचदा तळाला गाळ असतो. वाईन गढूळ दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास भपकन आला तर ती बिघडलेलीच, मग विकणारा "नॅचरल आहे, असंच असतं" म्हणून कितीही पटवू दे.

सुरुवात कुठून करायची? जॉर्जियातून (अमेरिकेतलं राज्य नव्हे, कॉकेशसमधला देश), माझं तरी हेच मत. तिथे क्वेव्री नावाचे मातीचे मोठे रांजण असतात, आतून मधमाश्यांचं मेण लावलेलं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. काखेती भागात र्कत्सितेली द्राक्षांचा रस सालं, बिया आणि कधीकधी देठांसकट पाच-सहा महिने त्यातच राहतो, त्यामुळे ती वाईन दणकट होते. नवख्याने इमेरेती भागातली घ्यावी, तिकडे सालं कमी घालतात म्हणून ती मवाळ. या क्वेव्री पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली. इटलीच्या ओस्लावियातला वाईन बनवणारा योश्को ग्राव्हनर 2000 साली जॉर्जियाला जाऊन हे बघून आला आणि 2001 पासून स्वतःची रिबोला जाला द्राक्षं तसल्याच रांजणांत घालायला लागला. त्याची बाटली महाग असते, ती पहिलीच घेऊ नका.

नुसती पिऊ नका हो, ही जेवणाबरोबरच खुलते. जॉर्जियात बद्रिजानी करतात, म्हणजे वांग्याचे तळलेले काप आणि त्यात अक्रोड-लसणाचं वाटण. अक्रोड स्वतःच थोडा तुरट, त्यामुळे दोघांचं मस्त जमतं. आपल्याकडे दाण्याच्या कुटाची भरली वांगी करा, तिखट मात्र हात राखून, कारण टॅनिनवर मिरची जास्तच झोंबते. जुनं चीज, मटणपण चालतं. वाफवलेला नाजूक मासा नको, त्याची चवच लागणार नाही.

आणि सेलिब्रेट करायचं तर सुप्रासारखं करा. जॉर्जियन मेजवानीत एकजण तमादा असतो, तो एकेक विषय घेऊन बोलतो, शांततेसाठी, गेलेल्या माणसांसाठी, पोराबाळांसाठी, आणि त्याचं बोलून झालं की सगळे "गाउमार्जोस" म्हणून पितात, मध्येच कुणी आपापलं पीत बसत नाही. ग्रुपमधला जो फार बडबडतो पण बोर करत नाही त्याला तमादा करा. छोटे पेग भरा, कारण टोस्ट बरेच होतात, आणि गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. टॅनिनमुळे ही साध्या व्हाईटपेक्षा जास्त टिकते, दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्तच छान लागते.