बायोमेडिकल इन्फर्मेटिक्समध्ये मास्टर्स करायचंय? मावसबहिणीला लिहून दिलेली यादी

मावशी म्हणाली, "तिला एक यादी करून दे, म्हणजे ती एकेक काम खोडत जाईल." घे. फक्त यात एक-दोन-तीन आकडे घातलेले नाहीत, कारण इथलं प्रत्येक काम दुसऱ्या कशात तरी अडकलेलं आहे आणि आकडे घातले की तू सगळ्यात सोपं काम आधी उरकशील. मीही तेच केलं होतं. हा विषय म्हणजे थोडक्यात पेशंटची आणि शरीराची माहिती कॉम्प्युटरला कळेल अशी लिहिणं, जोडणं आणि तपासणं.

युनिव्हर्सिटीच्या साइट उघडण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी पुण्याच्या ससून हॉस्पिटलला जा. केसपेपरच्या खिडकीपासून जरा बाजूला, कुणाच्या पायात न येता, तासभर उभी राहा. वही नको आणि फोटो तर मुळीच नको, नुसते कान उघडे ठेव. एखादी आजी सांगेल, "शुगर आहे." तो शब्द पुढे कुठे कुठे जातो ते बघ. आजीच्या तोंडी तो आजार आहे. लॅबच्या रिपोर्टवर तो एक आकडा होतो आणि उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याचा उपयोग शून्य. त्या तपासणीला ओळख देण्यासाठी लॉइंक नावाची कोडपद्धत आहे, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये सुरू केलेली. डॉक्टरांनी नोंदवलेल्या निदानासाठी स्नोमेड सीटी ही दुसरी कोडपद्धत. आकडेवारी आणि विम्याच्या कागदांसाठी आयसीडी-१० ही तिसरी, त्यात टाइप टू मधुमेह म्हणजे ई ११. एकच आजी, एकच शुगर, आणि हे सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे. "अंगात कसकस आहे" याला काय कोड द्यायचा, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

हे वाचताना तुला मजा आली की झोप, याचं उत्तर प्रामाणिकपणे दे, कारण पुढची सगळी यादी त्यावर आहे. या विषयाच्या नावात 'बायो' आणि 'मेडिकल' दोन्ही बसवलेत, पण प्रत्येक माणूस शेवटी कुठल्यातरी एकाच टोकाला नांदतो. एक टोक पेशंटच्या कागदाचं: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या नोंदी. दुसरं टोक जनुकांचं: त्याच आजीच्या घरात तीन पिढ्या शुगर का, हे डीएनएच्या क्रमात शोधणं. मधे एक्स-रे, एमआरआयच्या प्रतिमांचं काम आहे, आणि एकेका पेशंटऐवजी अख्ख्या तालुक्याकडे बघणारं साथरोगांचंही. प्रोग्रामिंग सगळीकडे लागतं, पण रोज समोर बसणारा डेटा वेगळा असतो. मी अर्ज करताना हा फरक केला नाही, नावात 'इन्फर्मेटिक्स' दिसलं की अर्ज ठोकला. फीचे पैसे गेले ते गेलेच, वर एका मुलाखतीत सरांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचंय?" आणि मी दोन मिनिटं 'टेक्नॉलॉजी' हा शब्द वेगवेगळ्या वाक्यांत वापरत राहिले.

टोक ठरलं की पुण्यातच काय आहे ते आधी चालून बघ. जनुकांकडे कल असेल तर गणेशखिंडीला विद्यापीठातलं बायोइन्फर्मेटिक्स सेंटर आहे, १९८७ पासूनचं, आणि तिथे एमएस्सी होते. ताथवड्याला डी. वाय. पाटीलांची जैवतंत्रज्ञान आणि बायोइन्फर्मेटिक्सची संस्था आहे. पाषाणच्या बाजूला एनसीएल (रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) हिचा परिसर, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. तिथे डिग्रीपेक्षा प्रोजेक्ट आणि पुढे पीएचडी या दृष्टीने बघ. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या करोना रुग्णांमधल्या विषाणूचे जनुकक्रम एनआयव्हीने वाचले. तुझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर हे होतं आणि आपण तेव्हा बाल्कनीत थाळ्या वाजवत होतो.

पेशंटच्या कागदाकडे कल असेल तर पुणेकर म्हणून तुझं नशीब जरा जास्तच चांगलं आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, इथल्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. भारत २०१४ मध्ये स्नोमेडचा सदस्य देश झाला, त्यामुळे ते भारतात वापरायला पैसे पडत नाहीत, फक्त नोंदणी करावी लागते. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, ज्यातला चौदा अंकी आभा नंबर, म्हणजे आरोग्याचा ओळख क्रमांक, मावशीनेही काढलाय. त्यात दवाखान्या-दवाखान्यांमध्ये नोंदी ज्या साच्यातून जातात, त्या फायर मानकाची भारतीय मार्गदर्शिका याच केंद्राची आहे. ती उघडून डिस्चार्ज समरीचं एक उदाहरण ओळ न् ओळ वाच. दोन संध्याकाळी जातील. मुलाखतीत याच्याइतकं दुसरं काही मला उपयोगी पडलेलं नाही. मास्टर्सच्या पातळीवर मात्र या टोकाला पुण्यात पर्याय थोडे आहेत. पवईला आयआयटी बॉम्बेमध्ये कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे, ते नक्की बघ. हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या एमबीएमध्ये एखादा पेपर हेल्थ आयटीचा असतो म्हणून कुणी तुला तिकडे वळवेल, तर तो चांगला कोर्स आहे पण वेगळा आहे. सीडॅकचे काही महिन्यांचे डिप्लोमा नोकरीसाठी उत्तम, पण मास्टर्सच्या जागी ते धरू नकोस.

आता अभ्यासातली भोकं. अकरावीत तू बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलंस, मार्क मिळाले, त्याचं बिल आता आलंय. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं शरीररचना आणि शरीरक्रियेचं पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्यात मिळेल. मेडिकलचं जाडजूड घेऊ नकोस, ते कपाटात छान दिसतं एवढंच. हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताच्या तपासण्या एवढं नीट कर. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे काय झालं, हे तुला गुगल न करता सांगता आलं पाहिजे. फार्मसी, बीएचएमएस किंवा नर्सिंग करून येणाऱ्यांची यादी नेमकी उलटी असते. त्यांनी पायथन आणि एसक्यूएल आजपासून सुरू करावं, आणि 'आम्हाला कोडिंग जमत नाही' हे वाक्य घरातच ठेवून यावं. स्टॅटिस्टिक्स दोघांनाही कच्चं असतं. इंजिनिअरिंगचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पास झालीस म्हणून तुला ते येतं असं मानू नकोस.

हात बसवायला खरा डेटा घे. मिमिक नावाचा संच आहे, बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नोंदींचा, त्यात आयसीयूचा मोठा भाग आहे. त्याची शंभर पेशंटची नमुना आवृत्ती कुणालाही उतरवून घेता येते. पूर्ण संचासाठी माणसांवरच्या संशोधनातल्या नीतिनियमांचं ऑनलाइन प्रशिक्षण करून प्रमाणपत्र लावावं लागतं आणि करारावर सही करावी लागते. ते प्रशिक्षण आधीच करून टाक. डेटा उघडल्यावर पेशंट २१५० सालात दाखल झालेला दिसला तर घाबरू नकोस. ओळख पटू नये म्हणून तारखा मुद्दाम पुढे ढकललेल्या आहेत. एक्क्याण्णव वर्षांची माणसं जरा जास्तच वाटतील, कारण एकोणनव्वदच्या वरच्या सगळ्यांचं वय एक्क्याण्णव लिहिलेलं आहे. मी पहिल्या प्रोजेक्टमध्ये त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, बॉस्टनच्या दीर्घायुष्यावर.

आणि ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यातून 'थोडा डेटा' पेनड्राइव्हवर आणायचा नाही. काका हो म्हणतील, तरी नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय, पण तो नसता तरी पेशंटला न विचारता, नीती समितीच्या परवानगीशिवाय केलेलं काम तू अर्जात लिहिलंस तर चांगली युनिव्हर्सिटी तिथेच फाइल बंद करेल.

परीक्षांचं थोडक्यात. भारतात राहायचं तर गेट ही मास्टर्सची प्रवेशपरीक्षा. कॉम्प्युटर सायन्स तुझा आहेच, त्याशिवाय बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा पेपर २०२० पासून आणि डेटा सायन्स-एआयचा २०२४ पासून आहे. दोन पेपर देता येतात, पण कुठल्या जोड्या चालतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म गणपतीच्या आसपास निघतात आणि म्हणूनच विसरले जातात. स्कोअर तीन वर्षं चालतो. जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठी गॅट-बी वेगळी आहे. परदेशासाठी जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, स्कोअर पाच वर्षं टिकतो, टोफेल-आयईएलटीएसचा दोनच. म्हणून जीआरई आधी आणि इंग्रजीची परीक्षा नंतर. जीआरई मागतच नाहीत अशीही बरीच ठिकाणं आहेत, तेव्हा पाच-सहा नावं नक्की होईपर्यंत क्लासचे पैसे भरू नकोस.

परदेशातली नावं निवडताना रँकिंगपेक्षा त्या विभागाचा जन्म कुठे झाला ते बघ, असं माझं मत. सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठातला विभाग हॉस्पिटलमधल्या निर्णयांना मदत करणाऱ्या कॉम्प्युटरच्या कामातून वाढला, अजूनही पेशंटच्या टोकाला घट्ट आहे. पोर्टलंडचं ओएचएसयू हे मेडिकल युनिव्हर्सिटीच आहे, तिथे नोकरी करणारे डॉक्टर-नर्स ऑनलाइन मास्टर्स करतात. न्यूयॉर्कच्या कोलंबियात आणि स्टॅनफर्डमध्ये संशोधनाकडे ओढा जास्त. जर्मनीत हायडेलबर्ग आणि हाइलब्रोन मिळून १९७२ पासून मेडिकल इन्फर्मेटिक्स शिकवतात. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते असं तुला दहा जण सांगतील, पण ही दोन्ही गावं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत तिथे आपल्यासारख्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतात. जर्मन भाषेची अट आधी वाच. शिवाय एपीएस प्रमाणपत्र (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचं) लागतं, आणि व्हिसासाठी वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते) आधी दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो. अमेरिकेच्या बाबतीत प्रत्येक कोर्सला ईमेल करून त्याचा सीआयपी कोड (तिथल्या सरकारने विषयाला दिलेला क्रमांक) विचार आणि तो एसटीईएमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या, यादीत आहे का ते तपास. तसा असेल तर शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या मुभेला आणखी चोवीस महिने जोडता येतात. सारख्याच नावाच्या दोन कोर्सचे कोड वेगळे असू शकतात. हा ईमेल लिहायचा कंटाळा करणारे नंतर रडतात.

कागद. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवायला दिवाळीची वाट पाहू नकोस. सगळ्या मार्कशीट, पासपोर्ट आणि आधारवर तुझं आणि बाबांचं नाव एकाच स्पेलिंगने आहे का ते आज रात्रीच जेवणानंतर बघ. माझ्या एका मार्कशीटवर बाबांच्या नावात एक 'ए' जास्त होता. त्या 'ए'पायी एका कार्यालयात चार हेलपाटे, एक प्रतिज्ञापत्र आणि डिसेंबरची एक अंतिम तारीख गेली. पासपोर्ट करायचा असेल तर मुंढव्याला जावं लागेल, सकाळची वेळ घे. शिफारसपत्रांसाठी सरांना ऑक्टोबरमध्येच सांग आणि सोबत तू काय केलंस ते एका पानावर लिहून दे, नाहीतर ते 'हुशार व मेहनती विद्यार्थिनी' एवढंच लिहितील. ते खरं असलं तरी त्याने काही होत नाही.

पैशाचं काकांशी बोलूनच ठरव, मी फक्त दारं दाखवते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करपद्धतीत राहिलं तरच. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं. तुझ्या त्या नगरच्या मैत्रिणीला सांग, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, समोर जाऊन विचारता येतं. पीएचडीचा विचार असेल तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पगार देऊन घेतात, आणि अशा ऑफरला उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. त्याआधी कुणी घाई केली तर दबू नकोस.

आणि हो, घरून ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल तर गुरुवार घेऊ नकोस. पुण्यात दुरुस्तीची कामं गुरुवारी काढतात, त्यामुळे लाइट, पाणी, दोन्हींचा भरवसा नाही. घ्यावाच लागला तर आमच्याकडे ये, आमच्या सोसायटीला जनरेटर आहे.