बाब्याचं गुरगुरणं आम्ही परत कसं मिळवलं

बाब्या गावठी, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. दोन महिन्यांचा असताना पिठाच्या गिरणीच्या पायरीखाली भिजत बसला होता, तिथून उचलून आणला. साताऱ्यात आमचं बैठं घर, मागे मोठा ओटा, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. आठव्या महिन्यात मात्र वेगळंच सुरू झालं. वाडग्यात भाकरी-चिकनचा काला टाकला आणि जवळ कुणी गेलं की हा खाणं थांबवून गुरगुरायचा.

ओळखीतून एक ट्रेनर घरी आले. म्हणाले, "मॅडम, हा स्वतःला घरातला दादा समजतोय. अल्फा तुम्ही व्हायचं." त्यांनी चालू जेवणात वाडगं ओढलं. बाब्या गुरगुरला, तसं मानगुटीला धरून त्याला उताणं पाडलं आणि तो सैल पडेपर्यंत दाबून ठेवलं. त्यानं तिथेच लघवी केली. "बघा, शरण आला," ट्रेनर म्हणाले. मी मान डोलावली आणि पुढचे पंधरा दिवस तेच स्वतः केलं.

गुरगुर थांबली. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. तिसऱ्या आठवड्यात अण्णा, म्हणजे माझे सासरे, वाडग्याजवळची चप्पल उचलायला वाकले आणि बाब्यानं हूं की चूं न करता त्यांच्या मनगटात दात रोवले. वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तडक दवाखाना गाठला. (कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी हे दोन्ही करायचंच.) परत येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "माझं ताट रोज कुणी ओढलं असतं, तर मी काय आरती ओवाळली असती?"

त्या वाक्यानं डोकं ठिकाणावर आलं. गुरगुरणं म्हणजे ट्रकचा हॉर्न. आम्ही ट्रक थांबवलाच नव्हता, फक्त हॉर्नची वायर कापली होती. जेवताना माणूस जवळ येण्याची भीती होती तिथेच होती, उलट वाढली होती.

हे अल्फा प्रकरण कुठून आलं तेही सांगते, कारण तुम्हालाही कुणीतरी ते ऐकवणारच. 1947 साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, कुंपणात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या टिपल्या. त्यातून मारामारीत वरचढ ठरणारा तो कळपाचा म्होरक्या, म्हणजे 'अल्फा', ही कल्पना निघाली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती कल्पना घरोघरी पोचवली. पुढे मीच यांनीच कॅनडाच्या एल्समीर बेटावर 1986 पासून बरेच उन्हाळे मोकळे लांडगे पाहिले. तिथे कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, एवढंच निघालं. 1999 मध्ये त्यांनी तसं लिहिलं, आणि जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. म्हणजे ज्यानं ही कल्पना गाजवली त्यानंच ती मागे घेतली, आणि आपण अजून कुत्री उताणी पाडतोय! 2009 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 मालकांना विचारलं. मारणं किंवा लाथ घालणं ज्यांनी केलं, त्यातल्या 43 टक्क्यांवर कुत्रं उलटलं होतं. तोंडातली वस्तू जबरदस्तीनं काढणाऱ्या 39 टक्क्यांवर, उताणं पाडणाऱ्या 31 टक्क्यांवर.

आता आम्ही काय केलं ते. आधी पशुवैद्य. बाब्याच्या पडलेल्या कानात आत इन्फेक्शन निघालं. म्हणजे मानगुट धरली की कळ डोक्यात जात असणार. पंधरा दिवस थेंब घातले. दुखणं असेल तर बाकी सगळं शिकवणं फुकट आहे, म्हणून हे टाळू नका. रक्त काढणारा चावा झाला असेल किंवा घरात लहान मूल असेल तर पुढचंही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. आम्ही तसंच केलं.

त्या पंधरा दिवसांत बाब्या ओट्यावर एकटा जेवला. दार लोटलेलं. वाडग्याला हात लावायचा नाही. तो अंगणात गेला की रिकामं वाडगं उचलायचं.

मग फरश्यांचा हिशेब. आमच्या ओट्यावर दोन फुटी फरश्या आहेत. वाडग्यापासून सहाव्या फरशीवर मी उभी राहिले तर बाब्या निवांत खायचा, पाचव्या फरशीवर त्याचं अंग ताठ व्हायचं. म्हणून सुरुवात सहाव्यावरून. जायचं, उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा वाडग्याकडे टाकायचा आणि पाठ फिरवून निघून यायचं. एका जेवणात चार-पाच वेळा. यातलं निघून येणं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. माणूस येतो तेव्हा काही जात नाही, उलट पडतं, हे त्याला कळायला हवं. मला बघून तो शेपूट सैल हलवत वर बघायला लागला, की तीन-चार दिवसांनी एक फरशी पुढे. खाता खाता थिजला, भराभर गिळायला लागला, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर मी दोन फरश्या मागे. त्याला रागवायचं नाही. चूक माझ्या पायांची.

तुकडे बिनमिठाचे, कांदा-लसणाच्या रश्श्यातले नकोत. मनुके आणि चॉकलेट तर अजिबात नाही. आणि तेवढं जेवण कमी घालायचं, नाहीतर कुत्र्याचं पिंप होतं.

पाचव्या आठवड्यात भाचा आला आणि धावत वाडग्यापाशी गेला. बाब्या गुरगुरला. मोठ्यानं, स्वच्छ, दोनदा. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "बरं बाबा, कळलं," म्हणून मी पोराला उचलून आत नेलं. त्यावर शिक्षा नाही, ओरडा नाही. फक्त दाराला कडी घालायला मी विसरले होते, ती तेव्हापासून विसरत नाही. वाडग्यापर्यंत पोचायला मला सात आठवडे लागले.

चप्पल पळवली तर पाठलाग करू नका, त्याला तो खेळ वाटतो किंवा धमकी. पनीरचा तुकडा नाकाशी, "सोड", आणि चप्पल धोक्याची नसेल तर कधीकधी परतही द्या. फिरायला नेताना चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्टा टाकून द्या. ओढणाऱ्याला छातीपाशी कडी असलेला हार्नेस पुरतो.

ट्रेनर ठेवायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा: "हा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, दाबणं, उपाशी ठेवणं आलं, की चहा पाजून निरोप द्या. दुसऱ्या भेटीला फाटक वाजल्यावर कुत्र्याच्या शेपटीकडे बघा. बाब्या त्या ट्रेनरची मोटरसायकल वाजली की पलंगाखाली जायचा. मला ते तेव्हा शिस्तीचं लक्षण वाटलं होतं.

आता रोज सात वाजता अण्णा ओट्यावर येतात. वाडग्याच्या एक फरशी अलीकडे थांबून तुकडा टाकतात आणि वळतात. बाब्या त्यांच्याकडे बघून शेपूट हलवतो. अण्णा त्या शेवटच्या फरशीवर अजून गेलेले नाहीत, आणि त्यांना पुढे व्हा असं आमच्यापैकी कुणी म्हणत नाही.