परग्रहवासीयांच्या दाव्यांवर वाद कसा घालावा

५ मे २०१५ रोजी मेक्सिको शहरातील ऑडिटोरियो नासिओनाल या भव्य सभागृहात हजारो प्रेक्षकांसमोर दोन जुन्या कोडॅक्रोम स्लाइड दाखवण्यात आल्या. काचेच्या कपाटात ठेवलेला एक लहानसा, वाळलेला देह त्यांत दिसत होता, आणि तो १९४७ साली अमेरिकेतील रॉसवेल गावाजवळ कोसळलेल्या यानातील परग्रहवासीयाचा आहे, असे आयोजकांचे म्हणणे होते. त्याआधी कित्येक महिने श्रद्धाळू आणि चिकित्सक इंटरनेटवर एकमेकांशी भांडत होते. देहाचे डोके मोठे आहे की नाही, फिल्म कोणत्या सालातली, स्लाइड ज्यांच्याकडे होत्या ते दांपत्य कोण, यांवर पानेच्या पाने लिहिली गेली आणि कोणीही तसूभर हलले नाही. कार्यक्रमानंतर मात्र आठवडाही लोटला नाही तोच वादाचा निकाल लागला, आणि तो कोणाच्या वक्तृत्वाने लागला नाही. देहापाशी एक पाटी होती. ती अस्पष्ट असल्यामुळे वाचता येत नाही, असे सांगितले जात होते. स्लाइडची चांगल्या प्रतीची प्रत हाती येताच, कोणालाही मिळू शकणाऱ्या एका संगणक-प्रणालीने ती पाटी स्पष्ट करण्यात आली आणि पहिली ओळ वाचता आली: दोन वर्षांच्या मुलाचा ममी झालेला देह.

हे काम ज्या गटाने केले त्यात उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवणारे अभ्यासक होते, तसेच त्यांचे जुने टीकाकारही होते. परग्रहवासीयांविषयी त्यांचे एकमत नव्हते, पण पाटी वाचली पाहिजे यावर होते. अशा वादात उतरू पाहणाऱ्या वाचकाने हा प्रसंग नीट समजून घ्यावा, कारण पुढील बहुतेक सूचना त्यातूनच निघतात.

पहिली सूचना दाव्याच्या शब्दांविषयी आहे. वाद सुरू करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे एका वाक्यात, त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहून काढावे आणि ‘तुमचे म्हणणे हेच ना?’ असे त्याला विचारावे. आपल्याकडच्या शास्त्रार्थाच्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो न मांडता खंडनाला हात घालणे तेथे कमीपणाचे मानले जाई. ‘परग्रहवासी आहेत’ हा एक दावा झाला, ‘ते पृथ्वीवर आले आहेत’ हा दुसरा, ‘सरकारने त्यांचे देह लपवले आहेत’ हा तिसरा, आणि ‘या पेटीत आहे तो त्यांतलाच एक’ हा चौथा. पहिल्याला अनेक खगोलशास्त्रज्ञ शक्यता म्हणून मान्यता देतील, परंतु त्यांची ती मान्यता चौथ्यासाठी साक्ष म्हणून वापरता येत नाही. वाद भरकटतो तो बहुधा इथेच, कारण एक जण पहिल्या दाव्याच्या बाजूने बोलत असतो आणि दुसरा चौथ्याचे खंडन करत असतो.

मापाने केलेला दावा कसा दिसतो याचे उत्तम उदाहरण भारतातलेच आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले, आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचे इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केले. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असावेत, या कल्पनेत नारळीकरांना आयुष्यभर रस होता. तरीही या अभ्यासाने त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे त्या निवेदनातच नमूद होते. मनातली आशा आणि हातातला पुरावा यांच्यातले अंतर असे स्वतःहून सांगणारा माणूस भेटला, तर तो श्रद्धाळू असो वा चिकित्सक, त्याच्याशी वाद घालण्यात वेळ वाया जात नाही.

दुसरी सूचना साक्षीदाराविषयी आहे. एखाद्याने काय पाहिले आणि त्याचा त्याने काय अर्थ लावला, या दोन गोष्टी पंचनाम्यात असाव्यात तशा वेगळ्या ठेवाव्यात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशरेषा पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडलेले सापडले. ज्यांनी ते पाहिले त्यांनी खरेच काहीतरी विलक्षण पाहिले होते, आणि त्यांना खोटे किंवा भोळे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ‘ही उल्का आहे’ आणि ‘त्याच दिवशी उडालेल्या अमुक रॉकेटचा हा भाग आहे’ हे जाणकारांचे सुरुवातीचे तर्कही टिकले नाहीत. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या कक्षांच्या नोंदी तपासल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याकडे बोट दाखवले गेले. म्हणून साक्षीदाराला प्रथम साधे प्रश्न विचारावेत: किती वाजले होते, तोंड कोणत्या दिशेला होते, प्रकाश किती सेकंद दिसला, क्षितिजापासून किती वर होता, आवाज आला का, जवळ आणखी कोण होते. वेळ आणि दिशा मिळाली की उपग्रहांच्या नोंदी, ग्रहांच्या जागा आणि विमानांचे मार्ग कोणालाही ताडून पाहता येतात. आकाशात ओळीने सरकणारे दिवे दिसल्यास इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह नुकतेच सोडले होते का, हे सर्वांत आधी पाहावे.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मूळ वस्तू मागावी. दाव्यासोबत येणारी चित्रफीत बहुधा प्रतीची प्रत असते, तिच्या कडा कापलेल्या असतात, वर संगीत चढवलेले असते, आणि प्रत्येक हस्तांतरात तिच्यातून थोडी माहिती गळालेली असते. मूळ फाइल कोणाकडे आहे, ती कोणत्या उपकरणाने आणि कधी टिपली, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, हे विचारण्यात अविश्वास दाखवण्याचा हेतू नसतो. तपासाची सुरुवातच तिथून होते. रॉसवेलच्या स्लाइडबाबत हेच घडले. अस्पष्ट प्रतींवर महिनोन्‌महिने तर्क चालले, आणि चांगली प्रत मिळताच एका पाटीने सगळे सांगितले. पुढे अमेरिकेतील मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाच्या १९३८ सालच्या कागदपत्रांतही त्या ममीची नोंद आढळली. ‘मूळ प्रत योग्य वेळी दाखवू’ असे उत्तर येत असेल, तर वादही त्या योग्य वेळेपर्यंत थांबवावा, हे उत्तम.

याला जोडूनच अहवालांचे पाहावे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी मेक्सिकोच्या संसदेत पत्रकार हायमे मॉसान यांनी पेरूतील नाझ्का भागातले म्हणून दोन लहान देह पेट्यांतून आणून दाखवले. २०१५ चा कार्यक्रमही त्यांनीच भरवला होता, आणि हे ठाऊक असणे उपयोगी असले तरी तेवढ्यावर नवा दावा फेटाळता येत नाही. देह सुमारे हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या चाचणीतून दिसते, असे तेथे सांगण्यात आले. विद्यापीठाने खुलासा केला की, २०१७ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेने ग्राहकाने आणून दिलेल्या त्वचेच्या अर्ध्या ग्रॅम नमुन्याचे केवळ कार्बन पद्धतीने वय काढले होते, आणि ती त्वचा कोणत्या जीवाची, याविषयी कोणताही निष्कर्ष दिला नव्हता. वयाच्या अहवालाचा वंशाच्या दाखल्यापर्यंत असा ध चा मा होतो. त्यामुळे कोणी ‘प्रयोगशाळेने सिद्ध केले’ म्हटल्यास चार गोष्टी विचाराव्यात: नमुना कोणी घेतला, प्रयोगशाळेला नेमका कोणता प्रश्न विचारला गेला, तिने लेखी उत्तर काय दिले, आणि तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला मिळू शकेल का. ‘इतके टक्के डीएनए अज्ञात आहे’ या वाक्यानेही घाबरून जाऊ नये. जुन्या अवशेषांतला डीएनए तुटलेला असतो, त्यात जिवाणू-बुरशीचा डीएनए मिसळलेला असतो, आणि जे तुकडे कोणत्याही ज्ञात नोंदीशी जुळत नाहीत ते परग्रहावरचेच असतील असे नाही.

इथे चिकित्सकांनाही एक पथ्य पाळावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी, लिमा विमानतळावर जप्त झालेल्या तशाच दिसणाऱ्या बाहुल्या प्राण्यांची आणि माणसांची हाडे आधुनिक गोंदाने जोडून बनवलेल्या असल्याचे सांगितले. ही बातमी अनेकांनी ‘मेक्सिकोतले देह बनावट ठरले’ अशी पुढे पाठवली. तपासलेल्या बाहुल्या त्या नव्हत्या. बनावटगिरीची शंका यामुळे खूप बळावते, पण शंका बळावणे आणि सिद्ध होणे यांतला फरक दुसऱ्याकडून मागायचा असेल तर तो आधी स्वतः पाळावा लागतो.

चौथी सूचना: काय आढळले तर मी माझे मत बदलेन, हे दोन्ही पक्षांनी निकालाआधी लिहून द्यावे. महाराष्ट्रात याचा चांगला धडा उपलब्ध आहे, जरी तो फलज्योतिषाविषयीचा असला. २००८ मध्ये नारळीकर, सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन करून एक चाचणी घेतली. हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या अशा एकूण २०० मुलांच्या पत्रिकांपैकी ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या गेल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे त्याने सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या अचूकतेचे प्रमाण नाणे उडवून मिळावे त्याहून चांगले नव्हते. या चाचणीत शब्दांची लढाई जवळजवळ नव्हतीच, कारण रीत आधी ठरली होती, आणि कोणती पत्रिका कोणाची हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. परग्रहवासीयांच्या वादातही हे करता येते. श्रद्धाळूने लिहावे: ‘मूळ चित्रफितीच्या वेळी त्या दिशेला ज्ञात विमान होते असे दिसले, तर मी हा दावा सोडेन.’ चिकित्सकाने लिहावे: ‘दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी स्वतः घेतलेल्या नमुन्यांत पृथ्वीवरील कोणत्याही जीवसृष्टीशी न जुळणारी रचना दाखवली, तर मी मान्य करेन.’ ‘काहीही आढळले तरी माझे मत बदलणार नाही’ असे जो म्हणेल, त्याच्याशी गप्पा माराव्यात, वाद घालू नये.

आता श्रद्धाळूंच्या संशयाविषयी, कारण चिकित्सक मंडळी तो सहसा झटकून टाकतात आणि तिथेच विश्वास गमावतात. ८ जुलै १९४७ रोजी रॉसवेलच्या लष्करी हवाई तळाने ‘उडती तबकडी’ हाती आल्याचे पत्रक स्वतःच काढले, आणि लगेच तो हवामानाचा फुगा असल्याचे सांगण्यात आले. १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलाने आपल्या अहवालात तो अवशेष मोगल या गुप्त प्रकल्पातील असावा असे म्हटले. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी उंच सोडलेल्या बलूनच्या माळा त्या प्रकल्पात होत्या. म्हणजे सरकारने काहीतरी लपवले होते, हे श्रद्धाळूंचे म्हणणे खरेच निघाले. लपवलेली गोष्ट मात्र वेगळी होती. वादाच्या आरंभीच हे प्रांजळपणे कबूल केले, तर पुढचे संभाषण फार सोपे जाते. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये दिसलेल्या दिव्यांचे स्पष्टीकरण हवाई दलाचे सल्लागार असलेले खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी दलदलीतील वायू असे सुचवले, आणि साक्षीदार संतापले. घाईने दिलेले स्पष्टीकरण हाही एक दावाच असतो आणि त्यालाही पुरावा लागतो. कारण सापडले नसेल तर ‘अजून कळलेले नाही’ असे लिहावे. उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पाने १९६९ पर्यंत नोंदवलेल्या १२,६१८ घटनांपैकी ७०१ घटनांवर असाच शेरा आहे. त्या ७०१ घटना परग्रहवासीयांच्या बाजूच्या साक्षी होत नाहीत, आणि त्या साऱ्या गैरसमजातून घडल्या हेही त्यावरून ठरत नाही.

देहांचा प्रश्न आला की मात्र मला पुराव्याआधी दुसरेच सांगावेसे वाटते. चिलीच्या आटाकामा वाळवंटातून २००३ मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा एक सांगाडा निघाला आणि तो परग्रहवासीयाचा म्हणून जगभर फिरवला गेला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो मानवी मुलीचा असल्याचे दाखवले. त्यानंतर चिलीतील संशोधकांनी विचारले की, त्या चिमुकलीचे अवशेष उकरून विकले जात असताना आणि तपासले जात असताना परवानगी कोणी घेतली होती? काचेच्या कपाटातले ते दोन वर्षांचे मूलही अ‍ॅरिझोनातील मूळ रहिवाशांच्या प्राचीन वस्तीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उचलून आणलेले होते. म्हणून अशा देहाचे चित्र पुढे पाठवू नये, त्यावर विनोद करू नये, आणि वादात त्याचा उल्लेख ‘नमुना’ असा न करता, तो मानवी असण्याची शक्यता आहे तोवर ‘मृत व्यक्ती’ असा करावा. श्रद्धाळूंनाही ही विनंती अवघड वाटत नाही, असा अनुभव आहे; त्यांतल्या अनेकांना त्या देहाविषयी खरीच आत्मीयता असते.

वाद थांबवण्याची वेळ ओळखता यावी. तेच मुद्दे तिसऱ्यांदा आले, नवा पुरावा आला नाही, आणि प्रश्नांऐवजी माणसांवर बोलणे सुरू झाले, की ‘मूळ प्रत मिळाल्यावर पुन्हा बोलू’ असे लिहून बाहेर पडावे. आपण चुकलो असल्याचे दिसले, तर जिथे मूळ विधान केले तिथेच, त्याच वाचकांसमोर दुरुस्ती द्यावी. जुने लेखन गुपचूप पुसू नये. त्याच्या माथ्यावर तारीख घालून काय चुकले, कोणी दाखवून दिले आणि कशावरून, हे तीन ओळींत लिहावे. रॉसवेलच्या स्लाइडचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांपैकी एकाने पाटी वाचली गेल्यावर जाहीर माफी मागितली, आणि ती केवळ वाचकांची नव्हे, तर ज्या मूळ रहिवाशांचे ते मूल होते त्यांचीही.