पुणे स्टेशनवर गाडी गाठायची तर: शिरायचं कुठून, तिकीट कोणतं काढायचं

घरातून निघण्याआधी गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर बघून घ्या. स्टेशनच्या कोणत्या बाजूने शिरायचं ते त्यावर ठरतं. १९२५ सालची दगडी इमारत शहराकडे तोंड करून आहे. एक नंबर फलाट तिला लागून, बाकीचे पाच मागे. एक नंबरची गाडी असेल तर ससून रुग्णालयाकडून येऊन मुख्य दारातून सरळ आत जा, जिना लागतच नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे फार मोलाचं. पाच किंवा सहा नंबर असेल तर राजा बहादूर मिल रस्त्याच्या बाजूने या, पूल चढउतर बरीच वाचते. वनाझ–रामवाडी मेट्रोचं स्टेशनही त्याच बाजूला आहे.

अ‍ॅपवरचा फलाट पक्का मात्र समजू नका. मुंबई, सोलापूर आणि मिरज अशा तिन्ही दिशांच्या गाड्या आणि लोणावळ्याच्या लोकल याच सहा फलाटांवर येतात. एक गाडी लेट झाली की तिच्या मागची दुसरीकडे घेतात. म्हणून पुलाजवळ थांबा, घोषणा ऐका आणि इंडिकेटरवर गाडीचा नंबर जुळवा. नुसतं नाव वाचून चढू नका. तिकिटावरचं स्टेशनही नीट वाचा. काही गाड्या हडपसरहून सुटतात, तिथे पोचायला वेगळा वेळ धरावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जनरल तिकिटाचा. लोणावळा लोकलचं तिकीट साध्या भाड्याचं असतं, ते एक्स्प्रेसला चालत नाही. सुपरफास्ट गाडीला त्यावर आणखी अधिभार लागतो. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीनही सुपरफास्टच. खिडकीवर नुसतं ‘लोणावळा एक’ न म्हणता लोकल, एक्स्प्रेस की सुपरफास्ट ते सांगा. २०० किलोमीटरच्या आतलं तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करायचा असतो, त्यामुळे सकाळीच काढून ठेवलेलं संध्याकाळी कामाचं नाही. मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनबाहेर असतानाच काढा. आवारात शिरलात की तिकिटाचं अ‍ॅप अडतं, मग तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. पोचवायला येणाऱ्याने १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट घ्यावं. ते दोन तास चालतं.

मधले काही तास शहरात काढायचे असतील तर सामान क्लोकरूममध्ये ठेवा. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र जवळ हवं, बॅगेला कुलूपही हवं. उघडी बॅग घेत नाहीत. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण मूळ पावती जपा. ती हरवली तर हमीपत्र लिहून द्यावं लागतं, आणि त्यात गाडी चुकू शकते.