झाकलेली अर्धी लडी

वडील सोलापुरात सूत रंगवायचे. नवा रंग आला की सुताची लडी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर उन्हात टाकत. आठ दिवसांनी पुठ्ठा काढला की रंग किती उडाला ते कळे. दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, रंगद्रव्यांवर काम करू पाहणाऱ्यांना मी आधी ही लडी सांगते.

प्रकाश पडला की डोळ्यातला प्रकाश टिपणारा रेणू, 11-सिस रेटिनल, वळून ऑल-ट्रान्स या सरळ रूपात येतो. आपलं दिसणं तिथूनच सुरू होतं. यातलं सगळंच परत फिरत नाही. उरलेल्याचे दोन रेणू इथेनॉलअमीनच्या एका रेणूशी जुळून ए2ई नावाचं रंगद्रव्य बनतं. दृष्टिपटलाच्या मागच्या थरातल्या पेशी प्रकाशपेशींची झिजलेली टोकं रोज गिळतात, पण ए2ई त्यांना पचत नाही. या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे वयाबरोबर साठा वाढतो. ए2ई आणि अशाच न पचलेल्या इतर गोष्टींच्या या साठ्याला लिपोफ्युसिन म्हणतात. निळ्या प्रकाशात ए2ई सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं फार क्रियाशील रूप, तयार करतं आणि तो आधी ए2ईवरच तुटून पडतो, मग शेजारच्या मेदावर. त्याच थरातलं प्रकाश शोषून घेणारं मेलॅनिन मात्र वयाबरोबर घटत जातं.

हात बसवायला मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे डोळे आणा. चिरायला शिकाल, पण लिपोफ्युसिनची पिवळट-केशरी चमक शोधत बसू नका. कोवळ्या जनावरात ते साठलेलंच नसतं. शिवाय बकऱ्याच्या पडद्यामागे चमकता थर असतो, माणसात तो नाही. मी या फरकात महिनाभर घालवला.

पुढे तयार ए2ईवर निळा दिवा लावून ते किती प्रकाश शोषतं याच्या आलेखातलं 430 नॅनोमीटरजवळचं शिखर उतरताना पाहिलं. आलेख घरी नेला. वडिलांनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “झाकलेला भाग कुठाय?”

नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या भरल्या, एक फॉइलमध्ये गुंडाळली. संध्याकाळी मोजलं तर फॉइलमधलंही शिखर थोडं खाली आलेलं. दिवसभर शोधलं. द्रावण बनवताना डोक्यावर ट्यूबलाइट होती आणि पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलचं ऊन थेट ओट्यावर येत होतं. मग खिडकीला काळा कागद लावला, तपकिरी बाटल्या आणल्या आणि वजन करण्यापासून सगळं मंद लाल दिव्याखाली केलं. त्यानंतर झाकलेल्या बाटलीतलं शिखर जागचं हललं नाही.